‘शॅल’ आणि ‘मे’ : कायद्यातील दोन क्रियापदे

पारशिवनी तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्य असो वा नागपूर जिल्हा परिषदेतील अधिकारी, कायद्याचे पुस्तक हाती घेतल्यावर ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन लहान इंग्रजी शब्दांचा भेद दोघांनाही ध्यानी घ्यावा लागतो. शालेय व्याकरणात ‘शॅल’ हे प्रथम पुरुषाचे भविष्यकाळी रूप, तर ‘मे’ शक्यतेचे वा परवानगीचे. कायद्यात मात्र ‘शॅल’ कर्तव्य सांगते आणि ‘मे’ अधिकार देते.

मराठी अनुवादात पहिल्यासाठी ‘करील’ आणि दुसऱ्यासाठी ‘करता येईल’ ही रूपे रूढ आहेत. घोटाळा होतो तो येथेच. ‘पाऊस पडेल’ हे भाकीत. पण ‘सरपंच सभा बोलावील’ ही आज्ञा होय. ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कर्ता प्रथमा विभक्तीत असून क्रियापद ‘बोलावील’ असे असेल तर कर्तव्य. कर्त्यास ‘स’ प्रत्यय लागून पुढे ‘बोलावता येईल’ आले तर अधिकार.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ७ मध्ये हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात भेटतात. सरपंचास स्वतः होऊन केव्हाही ग्रामसभा बोलावता येते. येथे ‘मे’ आहे. परंतु स्थायी समिती, पंचायत समिती किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी मागणी केली, की त्याने ती दिलेल्या मुदतीत बोलावलीच पाहिजे. येथे ‘शॅल’ आहे. ग्रामस्थांनी ‘सभा का नाही?’ असे विचारले, तर उत्तर या क्रियापदावर अवलंबून राहते.

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीतही हेच दिसते. अनुच्छेद २४३-ख नुसार पंचायती स्थापन करणे बंधनकारक. त्यांना अधिकार देण्याविषयीच्या २४३-छ मध्ये मात्र विधानमंडळासाठी ‘मे’ योजलेला आहे. पंचायत असणे निश्चित, तिच्या हाती काय असावे हे राज्याच्या विचारावर!

न्यायालये केवळ शब्दाला बांधलेली नाहीत. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयीच्या अनुच्छेद ३२० मधील ‘शॅल’ सर्वोच्च न्यायालयाने मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात (१९५७) केवळ निदेशात्मक मानले. उलट, अधिकार ज्यांच्या हितासाठी दिलेला आहे त्यांनी तो वापरण्याची रास्त मागणी केल्यास ‘मे’सुद्धा कर्तव्याचे रूप घेऊ शकतो.