पाण्याच्या वजनाने सरकणारी दारं

पावसाळ्यात भोर तालुक्यातून दरवर्षी साधारण एकाच मजकुराची बातमी येते. भाटघर शंभर टक्के भरलं, स्वयंचलित दरवाजे उघडले, नीरा नदीत विसर्ग सुरू झाला, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. ‘स्वयंचलित’ म्हटलं की आजच्या वाचकाला मोटार, पॅनेल, सेन्सर आठवतात. भाटघरची ४५ स्वयंचलित दारं ज्या कल्पनेवर उभी आहेत, तिच्यात यातलं काहीच नाही. तिच्यात आहे एक हौद, एक वजन आणि हौदाच्या तळाला मुद्दाम ठेवलेली एक गळती.

नीरा ओलांडली की शिरवळची औद्योगिक वसाहत लागते. कारखान्यातल्या पंपावर दाब वाढला तर पाइप फुटू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आतली स्प्रिंग एक चकती दाबून धरते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की चकती उचलली जाते, जास्तीचं द्रव टाकीत परत जातं, दाब उतरला की चकती पुन्हा बसते. घरच्या कुकरची शिट्टीही हेच काम करते, फक्त तिथे स्प्रिंगऐवजी वजन असतं. धरणाच्या सांडव्यावर हीच गरज प्रचंड आकारात उभी राहते.

वेळवंडी नदीवरचं भाटघरचं पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नीरा डाव्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं गेलं. अभियंता व्हायटिंग यांच्या नावावरून जलाशय ‘लेक व्हायटिंग’ झाला. त्याच धरणावर रेनोल्ड या अभियंत्याने आखलेली स्वयंचलित दारं होती. विश्वेश्वरय्यांची खडकवासल्याची प्रसिद्ध दारं १९०३ सालची. त्यांच्यामुळे तिथे पाणी सुमारे आठ फूट जास्त साठवता आलं आणि पुढे ती रचना ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावर गेली. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांचं नाव या शोधाला चिकटलं ते योग्यच आहे, पण भाटघरचा आधीचा प्रयोग विसरला गेला, याची हळहळ वाटते. आजचं मोठं धरण १९२७ सालचं. त्याला गव्हर्नर लॉइड यांचं नाव मिळालं. आता जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो.

आता तो हौद.

आडातून पोहरा शेंदणाऱ्याला ही युक्ती वेगळी समजवावी लागत नाही. पोहरा पाण्यात असेतो दोर हलका लागतो, पाण्याबाहेर आला की हाताला ओढ बसते. बुडालेली वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितकं तिचं वजन घटतं. दगडाचं घटतं साधारण ४० टक्के, ओतीव लोखंडाचं सातव्या हिश्शाएवढं. धरणाचं दार साखळीने कप्पीवरून एका वजनाला जोडलेलं असतं आणि ते वजन हौदात लोंबत असतं. हौद कोरडा असताना वजन दारापेक्षा थोडं जड भरतं, म्हणून दार वर ओढलेलं, म्हणजे बंद राहतं. हौदात पाणी नेणाऱ्या वाटेचं तोंड धरणाच्या पूर्ण साठ्याच्या पातळीवर असतं. पाणी तिथवर चढलं की ते हौदात शिरतं, वजन हलकं होतं, दार भारी पडतं आणि खाली सरकतं. त्यावरून पाणी वाहू लागतं.

बंद होण्याचं श्रेय गळतीचं. धरणाची पातळी उतरली की हौदात नवं पाणी येत नाही, तळाच्या छिद्रातून आतलं निघून जातं, वजनाला त्याचा भार परत मिळतो आणि दार वर चढतं. हे छिद्र आणखी एक काम करतं. वाऱ्याच्या लाटेने चार-दोन घागरी पाणी आत उडालं तर ते तिथूनच निघून जातं. येणारं पाणी गळतीपेक्षा जास्त झालं, तरच हौद भरतो. खरी वाढ कुठली आणि क्षणाची उसळी कुठली, हा फरक छिद्राचा आकार ठरवतो. आजच्या दाब-नियंत्रकात याच कामासाठी काही सेकंदांचा विलंब भरून ठेवावा लागतो.

या रचनेला वीज लागत नाही. मुसळधार पावसात, तारा तुटलेल्या असताना, घाटरस्ता बंद असताना ती काम करू शकते, आणि धरणाला तिची गरज नेमकी तेव्हाच असते.

पण हौदाकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत पाला अडकला तर हौद भरत नाही आणि दार उघडायला हवं तेव्हा बंद राहतं. तळाचं छिद्र बुजलं तर उलटं होतं, दार खालीच राहून साठा वाहून जातो. दहा फूट रुंद, आठ फूट उंच दारावर पाण्याचा आडवा रेटा सुमारे नऊ टन पडतो. म्हणून दाराची चाकं गंजली की हौदातला नाजूक तोल त्या घर्षणापुढे हरतो. उन्हाळ्यातली साफसफाई, ग्रीस, रबरी पट्ट्यांची तपासणी चुकवून चालत नाही.

त्याहून मोठी अडचण अशी, की या दाराला एकच आकडा कळतो. पूर्ण साठा झाला की उघड, एवढंच. उद्या घाटमाथ्यावर अतिवृष्टी होणार असेल, तर आजच थोडं पाणी सोडून जागा करावी लागते, आणि ते काम हौदाकडून होत नाही. त्याला अंदाज, वेळापत्रक आणि माणसाने चालवायचे दरवाजे लागतात. शिवाय भाटघर एकटं नाही. त्याचं साडेतेवीस टीएमसी, नीरा देवघरचं पावणेबारा आणि वेल्ह्याच्या गुंजवणीचं पावणेचार टीएमसी, या तिन्हींचं जास्तीचं पाणी खाली साडेनऊ टीएमसीच्या आसपासच्या वीर धरणात उतरतं. सह्याद्रीवरचा एकच पाऊस तिघांनाही एकाच रात्री भरू शकतो. वीर आधीच काठोकाठ आहे का, हे भाटघरच्या वजनाला कळायचा मार्ग नाही.

पुण्याला हा धडा फार महाग पडला आहे. १२ जुलै १९६१ रोजी खडकवासल्याच्या वरच्या अंगाचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं. स्वतःच्या पाणलोटातला पूर हाताळण्यासाठी बेतलेली दारं वरचं धरण फुटल्यावर कमीच पडणार. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तपासणी आणि आणीबाणीचा आराखडा बंधनकारक केला आहे. नीरेच्या खोऱ्यात त्या आराखड्याची पहिली कसोटी खालच्या गावांपर्यंत वेळेत निरोप पोचवण्यात आहे.

कारण काठावरच्या शेतकऱ्यांच्या मोटारी नदीत असतात. फूट व्हॉल्व्ह सोडवायचा, पाइप मोकळा करायचा, केबल गुंडाळायची, चार जणांनी मिळून पंप दरडीवर चढवायचा, जनावरं हलवायची. अंधारात आणि चिखलात याला तास-दोन तास सहज जातात. दार मात्र हौद भरला की खाली सरकतं, मग तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असोत की तीन.