विक्री क्रमवारीवरून गेमिंग कन्सोलच्या विक्रीचा अंदाज

ऑनलाइन दुकानाच्या 'सर्वाधिक खपाच्या' यादीतील स्थान पाहून एखाद्या गेमिंग कन्सोलचे किती नग विकले गेले असावेत, याचा अंदाज बांधण्याची ही पद्धत आहे. दुकाने विक्रीचे आकडे सहसा उघड करत नाहीत, क्रमांक मात्र सर्वांना दाखवतात. त्यामुळे ही पद्धत रूढ झाली.

पार्श्वभूमी

सोनी आणि निन्टेंडो या कंपन्या आपल्या यंत्रांचे आकडे दर तिमाहीला जाहीर करत आल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या नगांची संख्या सांगणे २०१५ मध्ये थांबवले. अमेरिकेत एनपीडी (२०२३ पासून सर्काना) ही संस्था दुकानांकडून विक्रीची माहिती मिळवते, परंतु तिचा तपशील वर्गणीदारांपुरता असतो. जपानमध्ये 'फामित्सू' हे नियतकालिक साप्ताहिक अंदाज छापते. भारतासाठी असे नियमित व खुले कोष्टक नाही.

गणित

या पद्धतीचा पाया पुस्तकविक्रीच्या अभ्यासात आहे. ज्युडिथ शेव्हालिये व ऑस्टन गूल्सबी यांनी, तसेच एरिक ब्रिन्योल्फसन, यू (जेफ्री) हू व मायकेल स्मिथ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत अॅमेझॉनवरील क्रमांक आणि खप यांचा संबंध तपासला. क्रमांकाचा लॉगरिदम व विक्रीचा लॉगरिदम यांचा आलेख काढल्यास जवळजवळ सरळ रेषा मिळते, असे त्यांतून दिसले. दुसऱ्या संशोधनात या रेषेचा चढ उणे ०.८७१ आला. त्यानुसार दहाव्या क्रमांकाच्या पुस्तकाचा खप शंभराव्या क्रमांकाच्या पुस्तकाच्या सुमारे ७.४ पट ठरतो.

येथे मिळते ते केवळ गुणोत्तर. प्रत्यक्ष नग काढायचे तर यादीतील निदान एका वस्तूचा खरा खप ठाऊक असावा लागतो. शिवाय पुस्तकांचा चढ कन्सोलला जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे. पुस्तके लाखो असतात, कन्सोल मोजकेच. त्यांच्या यादीत कंट्रोलर, खेळांच्या चकत्या आणि भेटकार्डेही असतात. यादीच्या अगदी वरच्या टोकाला तर सरळ रेषेचा नियम फारसा टिकत नाही. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांत एका आठवड्यात चार नगांचे अंतर असेल, दुसऱ्या आठवड्यात चार हजारांचे. क्रमांक मात्र दोन्ही वेळा तेच दिसतील.

भारतातील अनुभव

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. १२ जानेवारीला पूर्वनोंदणी खुली झाली आणि काही मिनिटांतच साठा संपला. त्यानंतरही अनेक महिने माल थोडाथोडा येई व लगेच संपे. अशा काळात क्रमांक मागणी दाखवत नाही, गोदामात आलेला माल दाखवतो. माल आला की यंत्र यादीत झपाट्याने वर चढते, संपला की घसरते किंवा दिसेनासे होते. ही घसरण पाहून लोकप्रियता ओसरली असा निष्कर्ष काढणे, ही या पद्धतीतील सर्वांत सामान्य चूक म्हणावी लागेल.

दुसरी अडचण स्थानाची आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या ग्राहकाने अॅमेझॉनवर यंत्र मागवले, तर ती नोंद देशभराच्या एकाच यादीत मिसळते. तोच ग्राहक नाशिकच्या दुकानात गेला किंवा घाट उतरून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेला, तर त्याची खरेदी या यादीत येतच नाही. त्यामुळे इगतपुरीसारख्या गावात किंवा संपूर्ण जिल्ह्यात किती यंत्रे पोचली, हे राष्ट्रीय क्रमवारीवरून सांगता येत नाही. ऑनलाइन आणि दुकानातील खरेदीचे प्रमाण प्रत्येक यंत्रासाठी सारखे असेल, असे गृहीत धरण्यासही आधार नाही. २०१७ मध्ये आलेला निन्टेंडो स्विच भारतात अधिकृत वितरणाविना, आयातदारांमार्फत विकला गेला. त्याचा खालचा क्रमांक कमी आवडीपेक्षा विस्कळीत पुरवठ्याचा परिणाम असू शकतो.

वापर

एकाच दुकानात, एकाच यादीत, दोन्ही यंत्रांचा साठा उपलब्ध असताना अनेक आठवडे नियमितपणे टिपलेल्या क्रमांकांवरून तुलना केल्यास ती उपयुक्त ठरते. एका दिवसाचे चित्र पुरेसे नसते, कारण क्रमवारी दिवसातून अनेकदा बदलते आणि सवलतीच्या दिवसांत उलटीपालटीही होते. चकतीचे व डिजिटल असे प्रकार, तसेच खेळासह विकले जाणारे संच, यांना बहुधा स्वतंत्र क्रमांक असतात. त्यांचे क्रमांक थेट मिळवून चालत नाहीत. प्रत्येकाचा अंदाज वेगळा काढून मग बेरीज करावी लागते आणि उत्तर एका आकड्याऐवजी किमान व कमाल अशा मर्यादांत द्यावे लागते.