एसएमपीएस : दोषी बहुधा हाच

जुना डेस्कटॉप काम करता करता बंद पडला की घरात पहिला संशय जातो व्हायरसवर. मग फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं जातं आणि चार दिवसांनी मशीन पुन्हा मान टाकतं. खरा दोषी बऱ्याचदा कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात, पंख्याच्या जाळीआड बसलेला असतो. तो म्हणजे एसएमपीएस. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे नाव घेतलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

भिंतीतल्या 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसी करून द्यायचे, हे त्याचं काम. आजचा साचा इंटेलने 1995 मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेतून आला. त्याआधी पुढचं बटण दाबलं की वीज खरोखरच तुटायची. एटीएक्सपासून ते बटण मदरबोर्डला नुसती विनंती करतं. मशीन बंद दिसलं तरी जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट चालूच असतात. स्लीपमध्ये रॅममधलं काम टिकतं ते याच तारेवर. करड्या तारेवरून एसएमपीएस 'सगळं ठीक आहे' असा निरोप बोर्डाला देतो. क्षणभर जरी तो निरोप तुटला, तरी मशीन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं.

म्हणून आधी एक निवाडा करायचा : मशीन झोपलं की गेलं? झोपणं हा विंडोजचा निर्णय असतो, जाणं हा नाइलाज. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत कर्नल-पॉवर 42 दिसला, तर मशीन रीतसर झोपलं आहे. तिथे हार्डवेअरमागे लागण्याआधी पॉवर ऑप्शन्स पाहावेत. आपोआप जागं होऊन दोन मिनिटांत पुन्हा झोपणारं मशीनही बिघडलेलं नसतं. कुणी हात न लावता जाग आली, तर परत झोपण्याची वेगळी, लपलेली वेळ विंडोजमध्ये असते आणि ती मुळात दोन मिनिटांचीच असते. नोंद 41 असेल, तर मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच कळतं. कारण शोधायचं काम आपलं.

शोध सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मग दिवे नुसते लुकलुकले तरी मशीन जातं. तेव्हा एक दिवस यूपीएस वगळून थेट चालवून पाहावं. मशीन सुरू होऊन दर वेळी चारेक सेकंदांतच बंद पडत असेल, तर पुढचं बटण आत अडकलंय का ते बघावं, कारण चार सेकंद दाबून धरलेलं बटण म्हणजे सक्तीने बंद. बटणाची दोन पिनांची वायर बोर्डावरून काढून ठेवली की हा संशय मिटतो.

पुढचा नंबर उष्णतेचा. प्रोसेसरचा पंखा उचलला, की खालच्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा जाड थर सापडतो आणि थर्मल पेस्टचा सुकून खडू झालेला असतो. तापमान हद्दीबाहेर गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वीज तोडायला लावतो. मशीन बायोसमध्ये सुरू ठेवून पाहावं. तिथेही बंद पडलं, तर विंडोज निर्दोष. तिथेच 12 व्होल्टचा आकडाही दिसतो. तो 11.4 ते 12.6 च्या बाहेर असेल, तर मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी.

मग उरतात कपॅसिटर. बोर्डावरच्या या छोट्या नळकांड्यांचा माथा सपाट हवा. तो फुगला असेल किंवा त्यावर तपकिरी पापुद्रा दिसत असेल, तर आतला द्रव संपत आलेला असतो. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांची मोठी साथच आली होती. 2005 मध्ये डेलला ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या दुरुस्तीसाठी 30 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. चांगल्या कपॅसिटरलाही उष्णता मानवत नाही. दर 10 अंश वाढीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एसएमपीएसच्या बंद डब्यात हीच नळकांडी वर्षानुवर्षं तापत असतात. म्हणूनच ओझं वाढलं, गेम किंवा व्हिडिओ सुरू झाला, की जुना एसएमपीएस हात टेकतो.

ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस लावून पाहणं, हीच त्याची सर्वांत खात्रीची परीक्षा. मशीन टिकलं तर नवा घ्या. वॉटचा फुगवलेला आकडा छापलेला स्वस्त डबा मात्र नको. जुना उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून जास्त दाब काही काळ राहू शकतो. आणि हे सगळं करण्याआधी फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. एसएमपीएस बाजारात मिळतो, त्या फायली मिळत नाहीत.