एक विमान, वीस सभासद: बुकिंगचं वेळापत्रक नेमकं काय सांभाळतं?

टर्फ असो, फोटो स्टुडिओ असो की फवारणीचा ड्रोन, वस्तू एकच, महागडी, आणि वापरणारे भरपूर. असा धंदा डोक्यात असेल तर अमेरिकेतल्या फ्लाइंग क्लबकडे जरूर बघा. तिथे वीसेक जण मिळून सेसना १७२ सारखं एखादं चार आसनी विमान ठेवतात. महिन्याची वर्गणी भरायची, उडायचं असेल तेव्हा मोबाइलवरून वेळ बुक करायची. (क्लब आपल्यालाही नवे नाहीत हं. जेआरडी टाटांनी १९२९ साली वैमानिकाचा परवाना मिळवला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून.)

बुक करणं सोपं आहे. तारीख निवडा, विमान निवडा, शिकाऊ असाल तर प्रशिक्षकही निवडा. दोघं एकाच वेळी मोकळे असतील तरच बुकिंग होतं. काही प्रणाली तर वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर बुकिंगच घेत नाहीत. दोन तास बुक केले म्हणजे दोन तास उडायला मिळतात असं मात्र नाही. आधीची तपासणी, इंधन, परत आल्यावर विमान बांधून ठेवणं, हे सगळं त्यातच बसवायचं.

आता खरी गंमत पैशांची. पैसे बहुतेक ठिकाणी इंजिन जितकं चाललं त्याचे लागतात. विमानात हॉब्ज मीटर असतो, तो तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा-सहा मिनिटं मोजतो. समजा एका सभासदाने शनिवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ विमान अडवलं. शेजारच्या गावी गेला, निवांत जेवला, परत आला. मीटरवर १.८ तास. त्याच आठ तासांत दोन-दोन तासांचे चार सभासद बसले असते आणि प्रत्येकी १.२ तास उडाले असते, तर ४.८ तासांचे पैसे आले असते. वेळापत्रक फुल्ल, गल्ला अर्धासुद्धा नाही! म्हणून बरेच क्लब दिवसभराच्या बुकिंगला किमान तास लावतात. कमी उडालात तरी तेवढे पैसे भरा. शिवाय एका सभासदाच्या नावावर एका वेळी ठराविकच बुकिंग, आणि रद्द झालेली वेळ प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला.

पण रद्द करण्याचा दंड लावताना शहाणे क्लब हात आखडता घेतात. न कळवता आलाच नाहीत तर दंड, हे ठीक. हवामान बिघडलं म्हणून रद्द केलं तर मात्र काही नाही. का? कारण दंड वाचवायला कुणी ढगांत विमान घातलं तर जीव जाईल. परत यायला उशीर होणार असेल तरी तेच. फोन करून कळवा, पुढच्या सभासदाला आम्ही सांगतो, घाई करू नका. माझ्या मते हा नियम सगळ्यांत शिकण्यासारखा आहे. दंड लावण्याआधी विचारा, हा दंड वाचवायला माणूस काय करेल? ड्रोनवाल्याने वारा सुटलेला असताना दंडाच्या भीतीने फवारणी उरकावी, असं तुम्हाला हवंय का?

आणखी एक. परत आल्यावर मीटरचा आकडा आणि काही बिघाड दिसला असेल तर तोही नोंदवायचा. बिघाड गंभीर असेल तर विमान वेळापत्रकातून बाहेर, पुढच्या सगळ्यांना निरोप. अमेरिकेत भाड्याने प्रशिक्षणाला वापरलेल्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी लागते, तिचे दिवसही मीटरच्या आकड्यावरून आधीच अडवून ठेवता येतात. आपल्याकडे टर्फची जाळी फाटते तेव्हा ती दुरुस्त करायची वेळ वेळापत्रकात कुठे असते, सांगा बरं?

लगेच महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. सुरुवातीला गूगल कॅलेंडर पुरेल. फक्त शेजारी वहीत दोन रकाने ठेवा: किती वेळ अडवला आणि किती वेळाचे पैसे आले. महिनाभराने दर ठरवायला बसाल तेव्हा ती वही समोर घ्या.