कागदावरचा पाइप आणि छतावरचा पाइप



पेपरमधली सेटअपची आकृती चुकली, तर फार तर रिव्ह्यूअर ओरडतात. अमोनियावर चालणाऱ्या रेफ्रिजरेशन प्लांटची आकृती चुकली, तर माणसांच्या जिवाशी गाठ असते. आज या दुसऱ्या आकृतीबद्दल बोलूया.

पी अँड आयडी म्हणजे काय?

पूर्ण नाव पाइपिंग अँड इन्स्ट्रुमेंटेशन डायग्राम. मुंबई लोकलचा नकाशा आठवा. त्यात स्टेशनांमधलं अंतर प्रमाणात नसतं, पण क्रम आणि जोडणी मात्र चुकून चालत नाही. इथेही तसंच. कोणता पाइप कुठून कुठे जातो, त्यावर कोणते व्हॉल्व्ह, सेन्सर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत, प्रत्येकाचा टॅग नंबर काय, एवढंच ती सांगते.

बर्फाचे कारखाने, डेअऱ्या, मोठी कोल्ड स्टोरेज इथे अमोनिया वापरतात, कारण तो स्वस्त आहे आणि उष्णता भरपूर वाहून नेतो. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे 33 अंश सेल्सियसला उकळतो. पण हवेत त्याचं प्रमाण 300 पीपीएम झालं, की ते जिवाला तत्काळ धोकादायक मानलं जातं.

थिओडोर, अलाबामा

23 ऑगस्ट 2010. अमेरिकेतल्या मिलार्ड रेफ्रिजरेटेड सर्व्हिसेसच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वीज गेल्यानंतर यंत्रणा पुन्हा सुरू केली जात होती. एका इव्हॅपोरेटरचं डीफ्रॉस्ट चालू होतं, म्हणजे बर्फ वितळवायला कॉइलमध्ये गरम वायू सोडलेला होता. कंट्रोल सिस्टीम रीसेट झाली आणि तो वायू बाहेर न काढताच कॉइल थेट कूलिंगवर गेली. थंड द्रव आणि गरम वायू एकत्र आले, हायड्रॉलिक शॉक बसला आणि छतावरचा पाइप फुटला. सुमारे 32,000 पौंड, म्हणजे साडेचौदा टन अमोनिया बाहेर पडला. दीडशेहून जास्त लोकांना त्याची झळ बसली, 32 जणांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं.

हा अपघात आकृती चुकल्यामुळे झाला, असं म्हणायचं नाही. मुद्दा वेगळा आहे. आधी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, आणि गळती झाल्यावर कोणता बंद करायचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आकृतीवरच शोधावी लागतात. अशा वेळी कागदावर दाखवलेला व्हॉल्व्ह जागेवर नसेल तर?

चूक शिरते कुठून?

बहुतेक वेळा दुरुस्तीतून. खराब व्हॉल्व्ह काढून त्याच स्पेसिफिकेशनचा बसवला, तर आकृती बदलायची गरज नाही. पण बायपास टाकला, सेन्सर हलवला, वेगळ्या प्रकारचा व्हॉल्व्ह लावला, तर तो 'बदल' झाला. अमेरिकेत 10,000 पौंड किंवा जास्त अमोनिया असलेल्या प्लांटला ओशाचा प्रोसेस सेफ्टी मॅनेजमेंट नियम लागू होतो. त्यानुसार बदल करण्याआधी त्याचा सुरक्षेवरचा परिणाम तपासावा लागतो आणि सुरक्षा-माहितीही अद्ययावत करावी लागते. पी अँड आयडी हा त्या माहितीचाच भाग.

धोक्यांचं विश्लेषण दर पाच वर्षांनी तपासून पुन्हा प्रमाणित करतात, तेही याच आकृतीवर बोट ठेवून. जो पाइप आकृतीत नाही, त्याच्याबद्दल मीटिंगमध्ये कोणी प्रश्नच विचारत नाही. दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अमोनिया अडकून तापला, की दाब प्रचंड वाढून पाइप फुटू शकतो. पण दुसरा व्हॉल्व्ह कागदावर नसेल, तर ही शक्यता सुचणार कशी?

पडताळणी

पद्धत साधी, पण वेळखाऊ आहे. प्रिंट हातात घ्यायची आणि कॉम्प्रेसरपासून एकेक लाइन धरून चालत जायचं. जुळलं ते हायलाइट करायचं, फरक लाल पेनाने लिहायचा. टॅग वाचायचे, अंदाज करायचा नाही. छतावरही चढायचं. मग दुरुस्त आकृतीवर नवा रिव्हिजन नंबर आणि तारीख टाकून जुन्या प्रती काढून घ्यायच्या. दोन रिव्हिजन एकाच वेळी वापरात असणं फार धोक्याचं.

संशोधनाला वाव कुठे?

जुन्या आकृत्या स्कॅन करून डीप लर्निंगने त्यातली चिन्हं ओळखण्यावर बरंच काम चालू आहे. विषय चांगला आहे. पण मॉडेलने प्रत्येक चिन्ह अचूक ओळखलं, तरी ते फक्त कागद बरोबर वाचतं. कागद प्लांटशी जुळतो का, हे त्याला कळत नाही. तुमचा डेटासेट कोणताही असो, लेबल बरोबर आहे का, एवढ्यावर थांबू नका. ते लेबल ज्या वस्तूचं आहे, ती आज तिथे तशीच आहे का, हेही विचारा.