प्रमाणपत्रापलीकडची ओळख

कर्जाच्या अर्जात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. बँकेतील सेवाकाळात असे असंख्य अर्ज माझ्या हातांखालून गेले. व्यापारी घरातील तरुण तेथे ‘कापड व्यापार’, ‘धान्याची अडत’ असे निःसंकोच लिहीत असे. आयटीआय उत्तीर्ण झालेला वीजतंत्री मात्र बहुधा ‘नोकरी’ एवढाच शब्द लिही. प्रमाणपत्र होते, कौशल्यही होते. आपण कोण आहोत हे सांगण्याचे धैर्य तेवढे नव्हते.

व्यापाऱ्याच्या मुलास हे धैर्य पेढीवर मिळते. आधी माल मोजणे, मग रोजमेळ, पुढे उधारीची वसुली आणि सर्वांत शेवटी खरेदीचा निर्णय. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी लायबेरियातील शिंप्यांच्या हाताखालच्या उमेदवारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही असाच क्रम आढळला. उमेदवार प्रथम इस्त्री, काजे-बटणे अशी अखेरची कामे शिकतो. कापड बेतणे सर्वांत शेवटी. एतिएन वेंगर यांच्यासमवेत १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी प्रतिपादले की, शिकणे म्हणजे त्या व्यवसायाच्या मंडळींत हळूहळू सामील होणे.

ज्यांच्या घरी पेढी नाही, त्यांना ही मंडळी कोठे भेटावी? मुंबईच्या आयआयटीने चालविलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम येथे पाहण्याजोगा आहे. संगणकप्रणाली शिकविणारे सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, विनामूल्य उपलब्ध आहेत. विद्यार्थी पाठ ऐकत, तो थांबवीत, तीच कृती शेजारी स्वतः करीत जातो. अडल्यास पाठातील नेमके मिनिट व सेकंद नमूद करून सर्वांसमोर प्रश्न विचारता येतो. मला ही सोय पाठांहूनही मोलाची वाटते. ‘हिशेब जुळत नाही’ असे म्हणतो तो नवखा. ‘अमुक तारखेच्या नोंदीत नावे-जमेत फरक आहे’ असे म्हणतो तो हिशेबनीस. आणखी एक गोष्ट : पाठास आवाज देणारी व्यक्ती अखेरीस आपले नाव सांगून निरोप घेते. केलेल्या कामावर स्वतःचे नाव असणे म्हणजे काय, हे सही करणाऱ्यास ठाऊक असते.

खरा पालट घडतो तो विद्यार्थी दुसऱ्याच्या प्रश्नास प्रथम उत्तर देतो तेव्हा. उत्तर चुकले तर कोणी अनोळखी जाणकार दुरुस्त करतो, आणि ते सर्वांदेखत! आपल्या घरांत चारचौघांतली चूक अब्रूवर घेतली जाते. म्हणून मुले, विशेषतः मुली, अशा ठिकाणी केवळ वाचक राहतात. पालकांनी येथे थोडे सैल व्हावे.

अर्थात मर्यादा आहेतच. विजेची जोडणी पडद्यावर पाहून हाताला येत नाही. त्यासाठी कार्यशाळा आणि उस्ताद हवाच. हिशेबाच्या विद्यार्थ्याने तर प्रश्न मांडताना ग्राहकाचे नाव, जीएसटी क्रमांक, खाते-उतारा यांपैकी काहीही उघड करू नये. आकडे बदलून उदाहरण द्यावे. गुप्तता राखणे हाही त्या पेशाचाच भाग आहे.

आपल्या दुकानात, गोदामात अशी शिकाऊ मुले कामास असतातच. दुपारी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा दुकानाचा संगणक त्यांना अर्धा तास वापरू द्यावा, आणि आज कोणता प्रश्न विचारला, कोणाला उत्तर दिले, याची सायंकाळी चौकशी करावी.