जीव घाबरा झाला तर : १४४१६

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून कोयते, म्हणजे मजूर नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला निघतात. डोक्यावर आगाऊ घेतलेल्या उचलीचं कर्ज असतं, लेकरं म्हाताऱ्यांजवळ राहतात. अशा वेळी झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक लावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. समुपदेशक ऐकून घेतात. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून देतात.

फोन लागेपर्यंत पाय जमिनीवर टेकवा. चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. यानं कर्ज फिटत नाही, पण डोकं थाऱ्यावर येतं. जीव द्यावासा वाटला, तर एकटं राहू नका. लगेच फोन करा आणि घरच्या माणसाला जवळ बसवून घ्या.